पिल्लं दहाव्या दिवशी मरत होती, बिघडलं होतं पहिल्या दोन दिवसांत: नेटार्ट्सच्या हॅचरीचं प्रकरण

समुद्राचं ॲसिडीकरण म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर समुद्रात कुणी ॲसिड ओतलंय आणि शंखशिंपले फसफसून विरघळतायत असं काहीतरी येतं. तसं काही होत नाही. समुद्राचं पाणी आजही अल्कलीच आहे, पीएच (आम्लता मोजायची पट्टी, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) सातच्या बराच वर, आणि या शतकाअखेरपर्यंत तरी खुल्या समुद्राचं वरचं पाणी सातच्या खाली जाईल असं कुठलाही अंदाज सांगत नाही. मग एवढी बोंब कशाची? ते समजायला नुसत्या थिअरीपेक्षा एखादं प्रकरण नीट उलगडून बघितलेलं बरं. मी घेतोय ते प्रकरण २००७-०८ चं, म्हणजे आता जुनं झालंय, पण प्लँक्टनचं, म्हणजे पाण्यात तरंगत जगणाऱ्या जिवांचं, नेमकं काय बिघडतं, कधी बिघडतं आणि बिघडलंय हे कळायला उशीर का लागतो, हे यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे मला तरी सापडलेलं नाही.

जागा आहे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यातली नेटार्ट्स बे नावाची छोटी, उथळ खाडी. तिच्या काठावर व्हिस्की क्रीक शेलफिश हॅचरी. नाव व्हिस्की, धंदा कालवांचा, म्हणजे ऑयस्टरचा. ही हॅचरी कालवं वाढवून विकत नाही, ती फक्त बीज बनवते, म्हणजे कालवांची पिल्लं टाक्यांमध्ये दोन-तीन आठवडे सांभाळायची आणि ती आपल्या खाडीत कालवांची शेती करणाऱ्यांना पाठवायची. कॅलिफोर्नियापासून कॅनडापर्यंतचे स्वतंत्र शेतकरी तेव्हा जे बीज वापरायचे त्यातला साधारण तीन चतुर्थांश वाटा या एका हॅचरीचा होता, त्यामुळे इथं टाकी बसली की अख्ख्या किनाऱ्याला ठेच लागायची. आणि हॅचरीवर एवढं अवलंबून राहायचं कारण असं की तिथं जे कालव वाढवतात ते मूळचं तिथलं नाहीच. पॅसिफिक कालव, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानहून आणलेलं. त्याला अंडी सोडायला कोमट पाणी लागतं आणि तिथला समुद्र बहुतेक ठिकाणी थंडगार, त्यामुळे ते वाढतं मस्त पण स्वतःहून पोरं होण्याचा भरवसा दोन-चार खाड्या सोडल्या तर नाही.

आता कुणी म्हणेल प्लँक्टनबद्दल बोलायचं तर मध्येच कालवं कुठून आली. तर प्लँक्टन ही काही प्राण्याची जात नाही, ती जगण्याची तऱ्हा आहे. पाण्यात तरंगतो आणि प्रवाह नेईल तिकडे जातो तो प्लँक्टन, मग तो वनस्पतीसारखा असो की प्राणी. डायटम, कोकोलिथोफोर, फोरॅमिनिफेरा, टेरोपॉड हे इवलेसे जीव जन्मभर तसेच. पण कालव, खेकडे, बार्नॅकल, समुद्री अर्चिन यांची पिल्लं फक्त बालपणी प्लँक्टन असतात, नंतर तळाला नाहीतर खडकाला जाऊन बसतात. कालवाचं पिल्लू पहिले दोन-तीन आठवडे असंच तरंगतं, आकार मिलिमीटरचा दहावा भाग वगैरे. तेव्हा व्हिस्की क्रीकच्या टाक्यांमध्ये जे होतं ते प्लँक्टनच होतं, फरक एवढाच की ते टाकीत होतं आणि कुणीतरी त्याचा रोजचा हिशोब ठेवत होतं.

हा हिशोबाचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. खुल्या समुद्रात मेलेलं प्लँक्टन कुणी मोजत नाही, मोजूच शकत नाही. आज हजार होते उद्या शंभर राहिले तर नऊशे मेले, की कुणी खाल्ले, की प्रवाहाबरोबर पुढं गेले, काही सांगता येत नाही. हॅचरीत मात्र किती अंडी घातली, कुठल्या दिवशी, कुठल्या पाण्यात, किती उरली, किती मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झाली, सगळं वहीत असतं कारण तो धंदा आहे. एका धंदेवाल्याच्या वहीमुळे जगाला ही गोष्ट कळली असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही.

तर झालं असं की २००७ च्या उन्हाळ्यात टाक्याच्या टाक्या रिकाम्या व्हायला लागल्या. पिल्लं जन्मायची, काही दिवस बरी दिसायची, मग खाणं कमी, वाढ थांबायची, आणि एक दिवस तळाला गाळ. २००८ मध्ये तर जवळपास तीन चतुर्थांश उत्पादन गेलं. आणि हे एकट्या नेटार्ट्सचं रडगाणं नव्हतं, वॉशिंग्टन राज्यातल्या डॅबॉब बेमधल्या हॅचरीतही पिल्लं मरत होती, आणि विलापा बेमध्ये, म्हणजे जिथं हे कालव आपापलं प्रजनन करतं त्या मोजक्या जागांपैकी एका जागी, २००५ पासून सलग काही वर्षं नैसर्गिक बीज बसलंच नव्हतं.

पहिला संशय गेला बॅक्टेरियावर. व्हिब्रिओ ट्युबियाशी नावाचा एक जंतू शिंपल्यांच्या पिल्लांना मारतो हे आधीपासून माहीत होतं, आणि तो त्या वर्षांत त्या पाण्यात वाढलेलाही होता, म्हणजे संशय हवेतला नव्हता. मग जे कुणीही करेल तेच त्यांनी केलं, पाणी गाळायची, निर्जंतुक करायची मोठी यंत्रणा बसवली. जंतू गेले. पिल्लं मरतच राहिली.

इथं जरा थांबतो, कारण कुठल्याही बिघाडाचा तपास कसा फसतो याचा हा नमुना आहे. संशयित खरा होता, जागेवर हजरही होता, आणि तरी मुख्य गुन्हा त्याचा नव्हता. पिल्लं ज्या दिवशी मरत होती त्या दिवशीचं पाणी सगळे तपासत होते, जंतू बघ, तापमान बघ, ऑक्सिजन बघ. आणि त्या दिवशीच्या पाण्यात बऱ्याचदा काही वावगं नसायचंच.

सुगावा लागला तो दुसरीकडून. २००७ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेच्या नोआ या सरकारी समुद्रविज्ञान संस्थेच्या सिॲटल लॅबमधले रिचर्ड फीली आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या मध्य किनाऱ्यापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत जहाजातून पाणी मोजत खाली गेले. २००८ मध्ये त्यांचा पेपर सायन्स या नियतकालिकात आला. त्यांना दिसलं असं की कवचाला मारक पाणी, जे खोल समुद्रात असतं आणि तिथंच असायला हवं, ते किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यावर चढलंय आणि उत्तर कॅलिफोर्नियाजवळ एका ठिकाणी तर थेट पृष्ठभागापर्यंत आलंय. असं पृष्ठभागावर दिसणं अजून काही दशकांनी अपेक्षित होतं, त्यामुळे त्यांनाही धक्काच होता.

हे पाणी वर कसं येतं ते बघा. वसंत आणि उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर उत्तरेकडून वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी सरळ दक्षिणेला न जाता उजवीकडे वळतं, म्हणजे किनाऱ्यापासून लांब, खुल्या समुद्राकडे. ती जागा भरायला खालचं पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात, आणि त्या किनाऱ्यावरची सगळी मासळी याच्याच जिवावर आहे कारण हे पाणी नायट्रेट-फॉस्फेटसारखं खतपाणी घेऊन वर येतं. पण ते पाणी कित्येक वर्षं अंधारात असतं, वरून पडणारं मेलेलं प्लँक्टन, विष्ठा, सगळा कचरा तिथं कुजतो, कुजताना ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यामुळे अपवेलिंगचं पाणी थंड, खतयुक्त, गुदमरलेलं आणि जास्त आम्लतेचं असं सगळं एकदम असतं. हे निसर्गाचंच आहे, माणूस नसता तरी असतं.

माणसाचा वाटा कुठं? तर ते पाणी बुडण्याआधी शेवटचं हवेला लागलं तेव्हा त्या वेळच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळलेला असतो, आणि तो खाली कुजण्यातून येणाऱ्या साठ्यात वरून भर घालतो. फीलींच्या हिशोबात माणसाचा भाग वजा केला तर मारक पाण्याची रेषा तिथं आहे त्यापेक्षा साधारण ५० मीटर आणखी खोल राहिली असती आणि पृष्ठभागाला कुठेच पोचली नसती. म्हणजे ग्लास आधीच काठोकाठ होता, आपण वर दोन घोट ओतले. हे दोन घोट थोडेच आहेत म्हणून दुर्लक्ष करणारे लोक भेटतात, पण काठोकाठ भरलेल्या ग्लासाला थोडंच लागतं.

आता केमिस्ट्री, थोडीच, पण ती टाळून चालणार नाही कारण सगळं इथंच आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात गेला की कार्बोनिक ॲसिड होतं, ते तुटून हायड्रोजन आयन सुटतो, आणि हा सुटलेला हायड्रोजन पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतो. बायकार्बोनेट समुद्रात ढीगभर असतं, विरघळलेल्या एकूण कार्बनपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास. कार्बोनेट मुळातच कमी, दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. आणि कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं. कॅल्शियमला तोटा नाही, समुद्रात ते भरपूर आहे, तुटवडा होतो तो कार्बोनेटचा. म्हणजे घर बांधायला वाळू हवी तेवढी आहे पण सिमेंट कुणीतरी पळवतंय, असं.

सिमेंट पुरेसं आहे का हे मोजायचा आकडा म्हणजे सॅच्युरेशन, त्याला ओमेगा म्हणतात. ओमेगा एकच्या वर असेल तर उघडं कॅल्शियम कार्बोनेट टिकतं, एकच्या खाली गेला तर विरघळायला लागतं. त्यातही एक भानगड आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे दोन प्रकार प्राणी वापरतात, कॅल्साइट आणि ॲरागोनाइट, आणि ॲरागोनाइट साधारण दीडपट सहज विरघळतं. मोठं कालव आपलं कवच मुख्यतः कॅल्साइटचं बनवतं. त्याचं पिल्लू मात्र ॲरागोनाइटचं. म्हणजे सगळ्यात नाजूक वयात सगळ्यात कच्चा माल. मोठी कालवं खाडीत मजेत होती आणि पिल्लं मरत होती, त्याचा निम्मा उलगडा इथंच होतो.

पीएचबद्दल पण एक सांगून टाकतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थराचा सरासरी पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय. ऐकायला काहीच नाही. पण ही मोजपट्टी लॉगची आहे, म्हणजे एक अंक उतरला की हायड्रोजन आयन दहापट, ०.१ म्हणजे हायड्रोजन आयन २५ टक्क्यांहून जास्त वाढले. आणि ही झाली सरासरी. नेटार्ट्सच्या पाण्याने २००९ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला काही आठवड्यांतच पीएच ७.६ च्या खालपासून ८.२ च्या वरपर्यंत झोके घेतले, म्हणजे हायड्रोजन आयनांत चौपट फरक. ॲरागोनाइटचा ओमेगा ०.८ च्या खालपासून ३.२ च्या वरपर्यंत. पिल्लाला सरासरीत जगायचं नसतं, त्याला त्या दिवशीच्या पाण्यात जगायचं असतं.

हे २००९ चे आकडे आले कुठून, तर हॅचरीतले ॲलन बार्टन आणि ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्क हेल्स, जॉर्ज वॉल्डबुसर वगैरे मंडळींनी मिळून आत येणारं पाणी आणि प्रत्येक बॅचचं नशीब शेजारी शेजारी मांडलं. २०१२ मध्ये ते छापून आलं. आणि या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात भारी मुद्दा त्यातच आहे.

पिल्लाच्या जन्मानंतरच्या पहिल्या ४८ तासांत टाकीत जे पाणी होतं त्याच्या ओमेगाशी त्या बॅचच्या शेवटच्या उत्पादनाचा संबंध लागला. मधल्या वयातल्या वाढीशीही लागला, म्हणजे १२० ते १५० मायक्रॉनच्या टप्प्यात. पण त्याआधीच्या, अगदी सुरुवातीच्या वाढीशी तसा ठळक संबंध लागला नाही! म्हणजे पिल्लू वाईट पाण्यात जन्मलं, तरी पहिले काही दिवस ठीकठाक वाढतंय असं वाटायचं, आणि नंतर गळपटायचं. मार दोन दिवसांत बसलेला, वळ आठवड्याने उठायचे. मग ज्या दिवशी मेलं त्या दिवशीचं पाणी कितीही तपासा, त्यात काय सापडणार.

असं का होतं याचं उत्तर वॉल्डबुसर यांच्या नंतरच्या कामात मिळतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सुरुवातीला खाताच येत नाही. पोहायचं आणि खायचं जे केसाळ अंग असतं ते नीट काम करायला आधी कवच हवं. कवच बनवायला ताकद हवी. आणि ताकद म्हणजे आईने अंड्यात दिलेली चरबी, बाकी काही नाही, शिदोरी एवढीच. त्या शिदोरीवर दोन दिवसांत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं पहिलं कवच उभं करायचं, आणि तेही इतक्या घाईत की थोड्याच वेळात पिल्लाच्या वजनाचा बहुतेक भाग नुसता कवचच असतो. नंतरच्या वयात कवच बनायची जागा आतल्या बाजूला, बाहेरच्या पाण्यापासून जरा आडोशाला असते, पण या पहिल्या कवचाच्या वेळी तो आडोसा जवळपास नसतो, पाणी जसं असेल तसं झेलायचं.

आता ओमेगा कमी असेल तर कवच बनतच नाही असं नाही. बनतं, पण महाग पडतं. तेवढ्याच कवचाला जास्त ताकद जाते. शिदोरी संपत येते तेव्हा कवच कसंबसं पुरं झालेलं असतं आणि खायला सुरुवात करायला अंगात जोर नसतो. मग काही दिवस रेटतं आणि मरतं. लक्षात घ्या, इथं कुणी विरघळलं नाही. ओमेगा एकच्या वर असतानाही नुकसान झालं, हॅचरीच्या हिशोबात धंदा ना नफा ना तोटा चालायला ओमेगा १.७ च्या आसपास तरी लागत होता. त्यामुळे एकच्या खाली धोका आणि वर सुरक्षित असं जे चित्र अजूनही खूप ठिकाणी रंगवलं जातं ते पिल्लांपुरतं तरी चुकीचं आहे. उपासमारीने मेलेल्याला आपण विरघळून मेला म्हणतोय.

कारण कळल्यावर उपाय मात्र फारच घरगुती निघाला. खाडीत समुद्री गवत आणि शेवाळ भरपूर आहे, ते दिवसा प्रकाशसंश्लेषण करून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, रात्री मात्र सगळेच श्वास सोडतात आणि पाणी बिघडतं. म्हणजे पहाटेचं पाणी सगळ्यात वाईट, दुपार उलटल्यावरचं सगळ्यात चांगलं. मग टाक्या सकाळी भरण्याऐवजी दुपारी भरायला सुरुवात केली. दुसरं म्हणजे पाण्यात सोडियम कार्बोनेट टाकायचं, साध्या भाषेत धुण्याचा सोडा, जो थेट कार्बोनेटच पुरवतो. आणि तिसरं, जे नसतं तर पहिले दोन अंदाजपंचेच राहिले असते, ते म्हणजे पाण्याची केमिस्ट्री सतत मोजणारं यंत्र. हे हेल्स यांनी बनवलं, आणि हॅचरीवाल्यांनी त्याचं नाव त्यांच्यावरूनच पाडलं, बर्कोलेटर. नुसता पीएच मीटर का नाही चालत, तर ओमेगा काढायला एकटा पीएच पुरत नाही, कार्बनचं अजून एखादं माप सोबत लागतं, आणि बाजारातले साधे मीटर खाऱ्या पाण्यात इतक्या बारीक फरकाला भरवशाचे नसतात.

उत्पादन बऱ्यापैकी परत आलं. सगळेच असे वाचले असं नाही, वॉशिंग्टनमधल्या गूज पॉइंट नावाच्या एका कालव कंपनीने तर सरळ हवाई बेटांवर हिलोला हॅचरी काढली, पिल्लं तिथं जन्माला घालायची आणि मग घरी आणायची. वॉशिंग्टनच्या राज्यपालांनी २०१२ मध्ये ॲसिडीकरणावर खास पॅनेल नेमलं, त्यात शास्त्रज्ञांच्या बरोबरीने कालववाले बसले होते. सरकारी भागात मला फारसा रस नाही, तो इथंच सोडतो.

मला खरा प्रश्न पडतो तो टाकीबाहेरचा. हॅचरीतल्या पिल्लांना कोमट पाणी, तयार खाणं, शिकारी कुणी नाही, आणि वर सोड्याचा डोस. बाहेर त्याच पाण्यात जे बाकीचं प्लँक्टन तरंगतंय त्याचं काय?

त्याचा एक धागा मिळतो टेरोपॉडमध्ये. हा म्हणजे समुद्रातला छोटासा गोगलगाय, पायाचे पंख झालेत, पाण्यात फडफडत पोहतो म्हणून समुद्री फुलपाखरू म्हणतात. कवच काचेसारखं पातळ, आणि ॲरागोनाइटचं. साल्मन, हेरिंग, मॅकेरल हे खातात. २०११ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नोआच्या सफरीत नीना बेदनारशेक आणि सहकाऱ्यांनी याच किनाऱ्यावरचे लिमासिना हेलिसिना जातीचे टेरोपॉड पकडून त्यांची कवचं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितली. किनाऱ्याजवळच्या ५३ टक्के आणि लांबच्या २४ टक्के प्राण्यांच्या कवचावर गंभीर झिजेच्या खुणा होत्या. आणि अपवेलिंगचं मारक पाणी जिथं जास्त तिथं झीज जास्त, हा मेळही बसला. त्यांच्या अंदाजाने किनारी पट्ट्यात अशी झीज औद्योगिक काळाच्या आधीच्या मानाने दुप्पट झालीये.

म्हणजे इथं खरोखरच विरघळणं आहे, मग वर मी उपासमार उपासमार काय करत होतो? तर दोन्ही आहे, प्राण्यावर अवलंबून आहे. आणि टेरोपॉडच्या बाबतीतही वाद आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या लोकांनी दाखवलं की कवचावर एक सेंद्रिय साल असते, ती शाबूत असेल तोवर खालचं कवच बऱ्यापैकी वाचतं, झीज होते ती साल फाटलेल्या जागी, आणि जिवंत टेरोपॉड आतून कवच जाड करून डागडुजीही करतो. मला यात दोन्ही बाजू खोट्या वाटत नाहीत. डागडुजी होते, पण तिचा खर्च कुठूनतरी येतोच ना, खाण्यातून, वाढीतून, अंड्यांतून. पुन्हा तोच ताकदीचा हिशोब. कवचावरचा खड्डा फोटोत दिसतो, खर्च फोटोत दिसत नाही.

आणि हे सगळ्या प्लँक्टनला सरसकट लावू नका प्लीज. डायटमचं कवच सिलिकाचं असतं, त्याला कार्बोनेटशी घेणं नाही, उलट जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये काही डायटम जोमाने वाढतात. कोकोलिथोफोर हे कॅल्साइटच्या चकत्या अंगावर वागवणारं वनस्पती प्लँक्टन, त्याच्यावर तर शास्त्रज्ञांचीच जुंपली होती. २००० मध्ये उल्फ रिबेसेल आणि मंडळींनी दाखवलं की जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांचं चकत्या बनवणं घटतं, आणि २००८ मध्ये दुसऱ्या एका टीमने त्यातल्याच एमिलियानिया हक्सलेयी या जातीत वाढतं असं दाखवलं. पुढे प्रयोगाची पद्धत, वाण, खाणं यावर बरंच अवलंबून आहे असं निघालं. त्यामुळे ‘प्लँक्टन संपणार’ असली हेडलाइन दिसली की मी पुढं जातो. संपणार नाही, बदलेल, कोण टिकतो आणि कोण हटतो त्याची उलथापालथ होईल, आणि ज्याचं पोट हटणाऱ्यावर चालतं त्याची पंचाईत. २०२० मध्ये याच किनाऱ्यावर डंजनेस खेकड्याच्या पिल्लांच्या कवचावरही झीज दिसल्याचं छापून आलं, आणि हा खेकडा म्हणजे तिथल्या मासेमारीचा मोठा आधार.

विलापा बेचं काय, असं कुणी विचारेल. तिथं नैसर्गिक बीज न बसण्याला ॲसिडीकरणच कारण असं छातीठोक म्हणायला मी तयार नाही. उन्हाळा थंड गेला तरी हे कालव अंडी सोडत नाही किंवा पिल्लं हळू वाढतात, आणि अपवेलिंगचं पाणी थंड आणि आम्लतेचं दोन्ही एकदमच असतं, मग खुल्या खाडीत कुणाचा दोष किती हे वेगळं काढणार कसं? हॅचरीत तापमान ठरवून ठेवलेलं होतं म्हणून तर केमिस्ट्री उघडी पडली.

एक धागा मुद्दाम शेवटाला ठेवला होता. पिल्लाच्या बाबतीत मार आणि मरण यात आठवडा-दोन आठवड्यांचं अंतर होतं. पाण्याच्या बाबतीत असंच अंतर आहे, फक्त ते दशकांचं. फीलींनी २००७ मध्ये जे पाणी मोजलं ते शेवटचं हवेला लागलं होतं साधारण ५० वर्षांपूर्वी. म्हणजे ती १९५० च्या दशकातली हवा होती. हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात ३१५ भागांच्या आसपास होता, उद्योगधंद्यांच्या आधी २८०. म्हणजे हॅचरीच्या टाक्या ज्या पाण्याने रिकाम्या केल्या त्यात जेमतेम ३५ भागांची वाढ मुरलेली होती. आज हवेत ४२० च्या वर आहे, आणि मधल्या सगळ्या वर्षांचं पाणी आपापल्या क्रमाने खाली वाटेवर आहे, उद्यापासून धूर बंद केला तरी ते त्याच्या वेळेला वर येणारच.

नेटार्ट्समध्ये तोवर वाऱ्याकडे बघून कामं चालतात. उत्तरेचा वारा दोन-चार दिवस लागून राहिला की पाणी थंड होतं, स्क्रीनवर ओमेगाची रेघ खाली यायला लागते, मग टाक्या दुपारपर्यंत थांबतात आणि सोड्याचा डोस वाढतो.